म्हणे, गावचा न्याय गावातच!

‘पूर्वी न्याय गावातच होत असे. पाच शहाणी माणसे पारावर बसत, देवाचे नाव घेत, दोन्ही बाजू ऐकून घेत आणि दिवेलागणीच्या आत निकाल देत. ना वकील, ना स्टँप, ना तारखा! इंग्रज आला, त्याने कोर्टे काढली आणि आमची सोन्यासारखी गावे भांडणात बुडवली.’

हे कथन मी आजवर लग्नाच्या मांडवात ऐकले आहे, एस.टी.च्या थांब्यावर ऐकले आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून तर दरवर्षी ऐकतो. सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो, ऐकणारे माना डोलावतात आणि मग सगळे मिळून चहा पितात. मी काही कायदेपंडित नव्हे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पोट भरतो ते शाळा शिकवून, आणि हौस भागवतो ती कादंबऱ्या लिहून. पण कादंबरीकाराला एक गोष्ट चांगली कळते: रचलेली गोष्ट कोणती आणि घडलेली कोणती. कारण रचण्याचा धंदा त्याचा स्वतःचाच असतो. ही पारावरच्या न्यायाची गोष्ट रचलेली आहे. नुसती रचलेली असती तर मी दिवाळीच्या दिवसांत वाचकांच्या फराळाच्या ताटात हा खडा टाकला नसता. पण या गोष्टीच्या आडोशाने आजही माणसे गावात राहून गावाबाहेर टाकली जात आहेत, म्हणून ही तक्रार.

आधी जुन्या काळाचेच पाहू. मराठी मुलखात वतनाचा, शिवेचा, वाटणीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसत असे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन आणि बलुतेदार असे सारे गोत जमे. सरकारी अंमलदार त्यात बसले म्हणजे ती मजलस. वादी-प्रतिवादींकडून ‘निवाडा मान्य’ असा कागद लिहून घेत, साक्षी होत आणि शेवटी महजर लिहिला जाई. त्यावर कुणाचा नांगर, कुणाची कट्यार, कुणाचा तराजू अशा निशाण्या उमटत. अशी पद्धत आपल्या पूर्वजांनी उभी केली याचा मला अभिमान आहे. पण अभिमान बाळगायचा तर पुरा कागद वाचून बाळगावा.

म्हणे, फुकटचा न्याय! अहो, जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरायची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. म्हणजे खटल्याच्या दोन्ही तोंडांना पैसा. आणि म्हणे, आपल्या माणसांचा न्याय! मग जुन्या कागदांत ‘परस्थळ’ हा शब्द का येतो? आपल्या गावचे, आपल्या परगण्याचे गोत आपल्याला सरळ न्याय देणार नाही अशी धास्ती असलेला माणूस हुजुरात अर्ज करी, की मला परस्थळी निवाडा द्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला जे उमगले होते, ते आमच्या प्रमुख पाहुण्यांना उमगू नये याचे मला नवल वाटते. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे, ज्याचे कर्ज आपल्या डोक्यावर आहे, ज्याच्या भावाच्या वाटणीत आपला हात गुंतलेला आहे, तो आपला न्यायाधीश होऊ शकत नाही, एवढेच ते शहाणपण.

साक्षीने वाद सुटेना की दिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत घालून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचे. फोड नसेल तर खरा. युरोपातही असे चालत असे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण तिकडे १२१५ साली पोपच्या परिषदेने पाद्र्यांना अशा दिव्यांत भाग घ्यायला बंदी केली आणि ती प्रथा मोडत गेली. आमच्याकडे अठराव्या शतकातही रवा उकळतच होता. आणि बायकांचे काय? पेशवे दप्तरात बदकर्माच्या आरोपावरून बायकांना बटीक करून सरकारी कामाला जुंपल्याच्या नोंदी आहेत. पारावरच्या न्यायाचे गोडवे गाणाऱ्यांनी आपल्या लेकीबाळींना शेजारी बसवून हे कागद वाचून दाखवावेत.

याच पद्धतीत आणखी एक गंमत होती. शिवेचा वाद लागला की महाराचा शब्द प्रमाण. शीव कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक, म्हणून तो पुढे चालायचा आणि त्याच्या पावलांवरून दोन गावांची हद्द ठरायची. ज्याच्या पायांवर साऱ्या गावाचा विश्वास, त्याच्या हाताने मात्र गावाचे पाणी बाटायचे! त्याने या विसंगतीविरुद्ध दाद मागायची कुठे? त्याच गोतात?

आता कोणी रामशास्त्र्यांचे नाव काढील. काढावेच. नारायणरावाचा खून १७७३ च्या ऑगस्टात झाला आणि राघोबादादांना ‘देहान्त प्रायश्चित्त’ सांगणारा न्यायाधीश आमच्या माहुलीचा, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. पण काटा ओसरल्यावर पुढचे वाक्यही सांगितले पाहिजे. शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले आणि राघोबा पेशवाईच्या गादीवर राहिले. पुढे त्यांना हटवले ते बारभाईंच्या राजकारणाने. न्यायालयाच्या हुकमाने नव्हे. न्यायाधीश थोर होता, पण त्याच्या निकालाला पाय नव्हते. थोर माणूस जन्माला येण्याची वाट पाहत बसणे याला न्यायसंस्था म्हणत नाहीत.

मग इंग्रज आला. त्याने म्हणे गावकी मोडली! माझे म्हणणे नेमके उलट आहे. त्याने ती जपून ठेवली. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीची बाजू घेतली आणि तिचे दोषही मांडले: पंच वेळेवर जमत नाहीत, ओळखीपाळखीकडे झुकतात, आणि निकाल दिला तरी तो अमलात आणायला कोणी नसतो. तरी दख्खनेत त्याने पंचायती चालू ठेवल्या. १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे लिहून काढले गेले, ज्यांना आपण एल्फिन्स्टनची संहिता म्हणतो. दिवाणी दाव्यात आधी सरकारी कायदा. तो नसेल तिथे मुलखाची वहिवाट. तीही नसेल तिथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. आणि काहीच नसेल तिथे न्याय, नीती व सद्‌बुद्धी. ही उतरंड नीट पाहा. सद्‌बुद्धीचा नंबर शेवटचा! आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या एकविसाव्या कलमाने कोर्टांना बजावले की जातीच्या प्रश्नांत हात घालू नका. बेकायदा कृत्याने कुणाच्या जातीला आणि लौकिकाला धक्का बसला तर नुकसानभरपाईचा दावा तेवढा ऐका, बाकी जात जाणे आणि तिचे पंच जाणोत.

झाले! वाळीत टाकण्याच्या हक्कावर कंपनी सरकारची मोहोर उठली. साहेबाला हवा होता वसूल आणि शांतता. दोन्ही मिळत असताना त्याने कुणाच्या पंक्तीत कोण जेवतो याची उठाठेव का करावी? १८५० साली एकविसावा कायदा आला आणि जात गेली म्हणून कुणाचा वारसा जाणार नाही एवढे ठरले. जमीन वाचली. पण शेजार, पाणी, अग्नी, खांदा, सोयरीक हे कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेले असते?

या हक्काचा दरारा केवढा होता याचे एकच उदाहरण देतो. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे त्यांच्यापुढे चहा आला. गोपाळराव जोशी, आनंदीबाई जोशींचे यजमान, यांनी त्या मंडळींची नावे चव्हाट्यावर आणली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. पुढच्याच वर्षी हा माणूस मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसला. इलाख्यातल्या कोट्यवधी लोकांच्या वादाचा शेवटचा निकाल देण्याची ज्याची योग्यता, त्याला एका कप चहाचा निकाल ग्रामण्याकडून घ्यावा लागला! रानड्यांची ही गत, तर तुमच्या आमच्या शेजारच्या विधवेची काय कथा?

‘गुरुजी, हे सगळे जुने झाले’, असे कोणी म्हणेल. जुने?

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खाऊ लागला. गाव सांगत नाही, खाडीच्या आसपासचेच. आधी वाटले, मुलांचे रुसवेफुगवे असतील. दोन दिवसांनी त्याच्या जोडीदाराला बाजूला घेऊन विचारले. तो खाली बघत म्हणाला, ‘त्याच्याशी बोलायचं नाही असं गावानं सांगितलंय.’ घरानेही नव्हे, गावाने! चौकशी केली तेव्हा कळले ते असे. मुलाच्या बापाचा शेताच्या वाटेवरून भावकीशी तंटा. गावकीने निकाल दिला तो त्याला पटला नाही, म्हणून तो तहसीलदाराकडे गेला. गावाचे भांडण बाहेर नेले हाच गुन्हा. बैठक बसली, दंड ठरला. त्याने दंड भरला नाही. झाले. शिमग्याला पालखी त्याच्या दारावरून न थांबता गेली. गिरणीत दळण घेईनात. म्हातारी आई वारली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला बायकोच्या माहेराहून माणसे आली. मी त्या गावच्या चार जाणत्यांना जाऊन भेटलो. त्यांनी मला घोंगडीवर बसवले, गूळपाणी दिले आणि अतिशय गोड आवाजात सांगितले, ‘गुरुजी, तुम्ही शाळेपुरतं बघा.’

त्या बैठकीला वही नव्हती, निकालाला कारण नव्हते, दंडाला पावती नव्हती आणि वर दाद मागायला जागा नव्हती. बैठकीत बाईमाणूस तर नावाला नव्हते. एखाद्या विधवेच्या हिश्शाचा प्रश्न असला तरी तिच्या वतीने दीर बोलतो, आणि बहुतेक वेळा प्रतिवादी तोच असतो.

गावकी चांगली कामेही करते, हे मी कसे नाकारू? देऊळ तिने बांधले, पाखाडी तिने घातली, विहिरीचा गाळ तिने उपसला. २००५ च्या जुलैत आमच्या दासगावावर दरड कोसळली, २०२१ च्या जुलैत याच तालुक्यातल्या तळियेवर कोसळली. सरकार पोचण्याआधी चिखलात जे हात घुसले ते गावांचेच. त्या वेळी कोणी विचारले नाही की आत अडकलेला पंक्तीतला की वाळीतला. मी गावकीला विचारतो, हीच रीत उन्हाळ्यात का मोडते? फावडे धरणारा हात मला हवा आहे. माणसाला माणसांतून उठवणारे बोट नको आहे.

आता विरोधकांचे सगळ्यात बळकट म्हणणे घेऊ. कोर्टात वर्षे जातात. खरे आहे. मी याबाबतीत कोर्टाची वकिली करणार नाही. तालुक्याला हेलपाटे, बुडालेली मजुरी, न कळणारी भाषा, सगळे खरे. १९९८ साली शासनाने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, तरी मराठीत निकालपत्र हाती पडावे म्हणून कित्येक ठिकाणी पक्षकाराला अजून विनवण्या कराव्या लागतात. आणि उच्च न्यायालयात तर राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजीच. स्वतःच्या घराचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि त्यावर मी दुसरा लेख लिहीन. पण लांबणारा न्याय आणि होऊच न शकणारा न्याय यांत फरक आहे. तो फरक आमच्या दासगावच्या बंदराने पाहिला आहे.

२५ डिसेंबर १९२७. दुपारी ‘पद्मावती’ बोट दासगावला लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेएक माणसांनिशी धक्क्यावर उतरले. पुढे महाडपर्यंत पाच मैल चालत जायचे होते. हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. मार्चच्या २० तारखेला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले होते आणि त्याबद्दल डोकी फुटली होती. तळे खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. या मारहाणीनंतर ऑगस्टात तिने तो मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा गावातल्या काही सवर्ण मंडळींनी १२ तारखेला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सभेला मांडव घालायला जागासुद्धा कुणी देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. लोक तळ्यावर जायला उतावीळ झालेले. कुणी अडवू शकले नसते. आणि बाबासाहेबांनी काय केले? त्याच रात्री मनुस्मृती जाळली, आणि तळ्याच्या बाबतीत मात्र तालुक्याच्या एका लहानशा कोर्टाच्या तात्पुरत्या हुकमाचा मान राखून सत्याग्रह थांबवला.

पुढे दहा वर्षे दावा चालला. होय, दहा वर्षे! वादींचे म्हणणे काय होते? तेच, आपले आवडते: ‘पूर्वापार वहिवाट आहे.’ अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचे नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असे. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात ते हरले. १९३३ मध्ये ठाण्याला अपिलात हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढेही हरले. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश तेच. उच्च न्यायालयाने काही धर्माचे प्रवचन केले नाही. तळे नगरपालिकेचे आहे, आणि तुम्ही म्हणता ती वहिवाट अनादी आहे हे तुम्ही शाबीत करू शकला नाही, एवढाच सरळ विचार. ‘पूर्वापार म्हणजे केव्हापासून? दाखवा पुरावा!’ साऱ्या मराठी मुलखात शेकडो वर्षे कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. पारावर तो विचारताच येत नव्हता, कारण ज्यांना पुरावा मागायचा तेच पारावर बसलेले होते.

दहा वर्षे लागली, पण कारणे लिहिली गेली. हरणाऱ्यालाही तीनदा बोलायला मिळाले. आणि निकाल झाला तो साऱ्या इलाख्याला वाचता आला.

वाळीताच्या रोगावर औषध शोधायलाही असाच वेळ लागला. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. १९६२ च्या जानेवारीत दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण पंथाला आपला धार्मिक कारभार चालवण्याचे स्वातंत्र्य आहे. सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरुद्ध मत दिले, पण ते एकटे पडले. अस्पृश्यतेपुरता १९५५ चा कायदा होता. पण एकाच जातीत, एकाच भावकीत कुणाला वाळीत टाकले तर दंडसंहितेची कलमे ओढूनताणून लावावी लागत. अशी चोपन्न वर्षे गेली. मग २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र अधिनियम केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार घालण्यासाठी बैठक बोलावणे हाही गुन्हा. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा. हा कायदा व्हावा म्हणून ज्या जिल्ह्यातल्या तक्रारी वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे गाजल्या, त्यांत आपला रायगड पुढे होता. छत्रपतींच्या राजधानीचे नाव मिरवणाऱ्या जिल्ह्याला हा मान शोभतो का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि ज्यांना न्याय खरोखरच गावाच्या दाराशी हवा आहे, त्यांच्यासाठीही वाट मोकळी आहे. संसदेने २००८ साली ग्राम न्यायालयांचा कायदा केला. त्यात न्यायाधिकारी हा शिकलेला, नेमलेला, पगारी न्यायाधीश असतो. तो गावोगाव फिरून खटले ऐकू शकतो. त्याच्या निकालाला कारणे असतात आणि वर अपील असते. महाराष्ट्रात अशी न्यायालये थोड्याच ठिकाणी उभी राहिली. पारावरच्या न्यायासाठी गळा काढणाऱ्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या तालुक्यासाठी ग्राम न्यायालय मागितले? मी एकाच्याही तोंडून ते ऐकलेले नाही. कारण तिथे निकाल देणारा माणूस त्यांच्या भावकीतला नसणार.

तो भिंतीकडे तोंड करून जेवणारा मुलगा आता मोठा झाला आहे, पनवेलला कामाला असतो. त्याच्या घराचे वाळीत कागदोपत्री कधी घातलेच नव्हते, त्यामुळे ते उठवल्याचाही कागद नाही. माणसे हळूहळू बोलू लागली, एवढेच. भरलेल्या डब्यांची देवघेव मात्र या घराशी अजून सुरू झालेली नाही. यंदाही चकल्या-करंज्यांची ताटे आळीत या दारातून त्या दारात फिरतील. त्या दाराशी ताट घेऊन जायला पोलीस लागत नाही, वकील लागत नाही, गावकीची परवानगी तर मुळीच लागत नाही. आणि कोणी अडवलेच, तर अडवणारा गुन्हेगार आहे. अधिनियमाची मराठी प्रत मी शाळेच्या कपाटात ठेवली आहे. ज्याला हवी त्याने येऊन उतरवून न्यावी.